खुराक कमी पडला नव्हता

आमच्या पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी एक माजी पैलवान येऊन बसतात. वय साठीच्या घरात. ऐन उमेदीत खासबागेच्या मैदानात कुस्त्या केलेले. मागच्या वर्षी एकदा त्यांना स्कूटरची किल्लीच फिरवता येईना. चिमटीत धरायचे, पण पीळ द्यायला जोर नाही. शेवटी दोन्ही हात लावले आणि हसण्यावारी नेलं. वस्तादांनी त्यांचा पंजा हातात घेऊन बघितला आणि निकाल दिला, "मेहनत सुटली, खुराक तुटला. अंग उतरणारच की!"

कोल्हापुरात हा निकाल कुणालाही पटेल. इथं ताकदीचा सगळा हिशेब जोर, बैठका, दूध आणि बदामात होतो. पैलवानांनीही निमूटपणे दोन महिने पहाटेची मेहनत धरली. हात वाळायचा थांबला नाही.

खरं कारण त्या पंजावरच दिसत होतं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, हाताच्या पाठच्या बाजूला एक मांसल उंचवटा असतो. बोटांची चिमूट घट्ट आवळली की तो टरारून वर येतो, आत्ता करून बघा. पैलवानांच्या उजव्या हातावर तिथं खळगा पडला होता. अंगठ्याच्या बुडाची गादीही बसलेली. करंगळीकडची गादी मात्र बऱ्यापैकी भरलेली. मेहनत सुटल्यावर अंग उतरतं ते दोन्हीकडून, सारखं. एकाच पंजाची एक बाजू वाळावी आणि दुसरी टिकावी, हे बदाम कमी पडल्याचं लक्षण नव्हे. मेंदूविकारतज्ज्ञ याला 'स्प्लिट हँड' म्हणतात, आणि ही खूण दिसली की त्यांच्या मनात मोटर न्यूरॉन डिसीजची, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशींच्या आजाराची शंका येते.

स्नायू आपण होऊन हलत नाही. त्याला हुकूम लागतो आणि तो दोन टप्प्यांत येतो. मेंदूतली एक चेतापेशी तो मज्जारज्जूपर्यंत पोचवते, तिथून दुसरी थेट स्नायूपर्यंत नेते. पाठीतून निघून पायाच्या पंजात पोचणारा या दुसऱ्या पेशीचा तंतू जवळपास मीटरभर लांब असतो. या आजारात दोन्ही टप्प्यांवरच्या पेशी मरत जातात. वरची मेली की हातपाय ताठरतात, गुडघ्यावर हातोडी टेकवली तरी पाय जोरात उडतो. खालची मेली की स्नायू सैल पडतो आणि वाळतो. वाळलेल्या हातातच असा जोरकस झटका मिळाला, की डॉक्टर गंभीर होतात.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्टिन शार्को यांनी १८६९च्या सुमारास ही लक्षणं आणि मज्जारज्जूतली झीज यांची सांगड घातली. पुढं त्यांनी आजाराला दिलेल्या लांबलचक नावात 'अमायोट्रॉफिक' हा शब्द आहे. त्याचा ग्रीकमधला अर्थ स्नायूचं पोषण नसणं. म्हणजे वस्तादांचा खुराक शार्कोंच्याही नावात आहेच! फक्त हा खुराक पोटातून जात नाही. चेतापेशी हुकूम देते तसा स्नायूला सांभाळतेही. ती गेली की स्नायू आपलीच प्रथिनं मोडून खायला लागतो. नुसत्या आरामानं वाळणारा स्नायू मेहनतीनं परत भरतो. तार तुटलेल्या स्नायूला जोर मारायचा हुकूमच मिळत नाही, मग तो भरणार कसा?

मला यात सगळ्यात विलक्षण वाटते ती शेजाऱ्यांची गोष्ट. एक चेतापेशी शेकडो स्नायुतंतू सांभाळते. ती मेली की ते पोरके होतात. मग शेजारची जिवंत पेशी नवी फांदी फोडते आणि त्यातल्या बऱ्याच पोरक्यांना पदरात घेते. त्यामुळं बऱ्याच पेशी गेल्या तरी हात चालत राहतो, माणसाला पत्ता लागत नाही. ईएमजीच्या, म्हणजे स्नायूतली वीज टिपणाऱ्या तपासणीत स्नायूत सुई घातली की पडद्यावर नेहमीपेक्षा मोठ्या लाटा उमटतात. एकेका पेशीच्या पदरात आता जास्त तंतू आलेत, याचा तो पुरावा. पण ही दत्तक घेणारी पेशीही मेली, की तिचं सगळं कुटुंब एकदम उघड्यावर येतं. किल्ली अडली तो आजाराचा पहिला दिवस नव्हताच.

दंडाचं मांस आपोआप फडफडणं हेही याच पडझडीचं लक्षण. पण थांबा, घाबरू नका. तुमची पापणी लवते किंवा पोटरी उडते ती बहुधा जागरणानं, चहानं नाहीतर काळजीनं. सोबत ताकद कमी होत असेल, स्नायू वाळत असेल, तरच दाखवायला जा. आणि वाळलेला प्रत्येक हात याच आजाराचा नसतो. मानेत नस दबली तरी हात वाळतो. ऐन पंचविशीच्या आतल्या मुलांचा एक हात वाळतो आणि काही वर्षांनी ते वाळणं आपोआप थांबतं, असा हिरायामा नावाचा आजारही आहे. भारतात तो दिसतो. कट्ट्यावर बसून निदान करू नये ते यासाठी.

पैलवानांचं निदान मात्र पक्कं ठरलं. स्पर्श शाबूत, डोळ्यांची हालचाल शाबूत, लघवीवरचा ताबाही शाबूत. ही ठाणी आजार बहुधा सोडतो. श्वासाचे स्नायू सोडत नाही. स्टीफन हॉकिंग यांचं निदान १९६३ साली झालं आणि ते २०१८पर्यंत जगले, पण तो अपवाद. बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यावर दोन ते पाच वर्षं मिळतात. १९९५पासून मिळणारं रिल्युझोल हे औषध त्यात काही महिन्यांची भर घालतं, आणि रात्री मास्क लावून श्वासाला आधार देणारं यंत्र बऱ्याच जणांची झोप सुधारतं.

आता गंमत बघा. या रुग्णांचं वजन घटलं तर आयुष्यही घटतं, म्हणून डॉक्टर भरपूर उष्मांक खायला सांगतात. दूध, तूप, लोणी, बदाम. म्हणजे वस्तादांचाच खुराक, पण हात भरून काढायला नव्हे. अडचण गिळण्याची. पातळ पेय घशातून झरकन उतरतं आणि श्वासनलिकेत शिरतं. पैलवानांना हल्ली थंडाईचा पहिलाच घोट ठसका लावतो. दाट पदार्थ सावकाश उतरतो. परवा वस्ताद घरी आले ते पितळी डब्यात बदाम वाटून घातलेली घट्ट बासुंदी घेऊन. चमचा त्यांनी स्वतःच धरला आणि दर घासाला बजावत राहिले, "हनुवटी खाली घे. आता गिळ."