चेंडू पडतो की उतरतो?

अ‍ॅनिमेशन शिकायला बसलं की सुरुवातीलाच हातात येतो तो चेंडू. वरून खाली पडणारा, साधा. काम पोरखेळ वाटतं आणि पहिल्या खेपेला हमखास फसतं. चेंडू पडतच नाही. दोरीला बांधून कुणीतरी सावकाश सोडावा तसा उतरतो. मग माणूस चित्रं कमी करून बघतो, वाढवून बघतो. दोरी काही सुटत नाही.

सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. हातानं काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बरेचदा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. हालचाल किती फ्रेममध्ये उरकायची ते टायमिंग, आणि दर चित्राला वस्तू किती सरकवायची ते स्पेसिंग. नवशिके टायमिंगशी झगडत बसतात. गोम बहुतेक वेळा स्पेसिंगमध्ये असते.

अर्ध्या सेकंदाचं पडणं घ्या. सहा चित्रं. हवेचा अडथळा सोडून दिला तर तेवढ्या वेळात चेंडू सुमारे १२२ सेंटीमीटर खाली येतो. हे अंतर सहा सारख्या तुकड्यांत वाटलं तर दर चित्राला वीसेक सेंटीमीटर येतील. टायमिंग चोख, तरी चेंडू दोरीवरचाच. खरा चेंडू आधी जेमतेम ३.४ सेंटीमीटर सरकतो, मग साधारण १०, १७, २४, ३१ आणि शेवटी ३७. प्रमाण १, ३, ५, ७, ९, ११. विषम संख्यांचा हा क्रम गॅलिलिओनं सतराव्या शतकातच मांडला होता. अ‍ॅनिमेटर तो कागदाच्या कडेला एक रेघ ओढून तिच्यावर खुणांनी मांडतो: वर दाट, खाली विरळ.

चेंडू उसळून वर गेला की हेच उलट. हवेत असतो त्यातला निम्मा वेळ तो उंचीच्या वरच्या पाव भागातच काढतो. म्हणून तो वर क्षणभर रेंगाळल्यासारखा दिसतो, आणि म्हणूनच तिथली चित्रं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली हवीत.

हाताचं गणित वेगळं. पेन्सिल उचलायला हात पुढे जातो तेव्हा सुरुवातीला हळू, मध्ये वेगात, शेवटी पुन्हा हळू. वेगाचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो. तमार फ्लॅश आणि नेव्हिल होगन या संशोधकांनी १९८५ मध्ये त्याचं गणिती सूत्र दिलं: हात असा जातो की एकूण हिसके कमीत कमी बसावेत. त्या सूत्रानुसार मधला वेग सरासरीच्या जवळजवळ १.९ पट भरतो.

आता कॉम्प्युटरची गंमत. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दोन की फ्रेम, म्हणजे हालचालीची सुरुवातीची आणि शेवटची स्थिती, दिल्या की मधली हालचाल आपोआप दोन्ही टोकांना मऊ होते. हाताला ते शोभतं. पडत्या चेंडूला तेच लावलं तर तो जमिनीच्या जरा वर ब्रेक मारतो, पाण्यात बुडाल्यासारखा. हाताला थांबवायला स्नायू आहेत. चेंडूला फक्त जमीन आहे, आणि ती आधी सूचना देत नाही. मला तर वाटतं, कॉम्प्युटरवरची निम्मी अ‍ॅनिमेशनं या फुकटच्या मऊपणानंच तरंगत असतात.

टायमिंग अगदीच दुय्यम नाही म्हणा. आकार कळतो तो त्यावरून. इमारतीचं पंचविसाव्या हिश्श्याचं मॉडेल कोसळवायचं असेल तर कॅमेरा पाचपट वेगानं चालवतात, सेकंदाला १२० फ्रेम, आणि दाखवताना २४. नाहीतर ती इमारत खेळण्यासारखी पटकन ढासळते.

डोळा या अंतरांना किती पक्का आहे, हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलं. माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा प्रकाशठिपके लावून त्याला अंधारात चालवलं. ना चेहरा दिसत होता, ना शरीराची रेघ. तरी बघणाऱ्यांनी लगेच ओळखलं की माणूस चालतोय. चित्र एका फ्रेमवर थांबवलं की मात्र उरतात ते नुसते विखुरलेले ठिपके.