चॉकलेटात पाणी पडलं? आणखी घाला

वितळवलेल्या चॉकलेटात पाण्याचा एक थेंब पडला की ते वाया गेलं, असं स्वयंपाकाच्या बहुतेक व्हिडिओंत ठासून सांगतात. हे अर्धंच खरं आहे. थेंब पडला तर चॉकलेटचा रेवाळ, कोरडा गोळा होतो खरा. पण त्याच गोळ्यात आणखी तीन चमचे पाणी घालून तो गरम केला तर तो पुन्हा सुटतो, आणि बर्फावर धरून फेटला तर त्याचं चक्क मूस, म्हणजे हलकं, फेसाळ गोड, होतं. अंडं नाही, क्रीम नाही, जिलेटिनही नाही. एर्वे तिस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हा प्रकार शोधला. त्याचं नाव चॉकलेट शांतिई. एका वाटीपुरतं करायला यापेक्षा सोपं काही नाही.

आधी तो गोळा का होतो ते पाहू. चॉकलेटात पाणी जवळजवळ नसतंच. साखरेचे आणि कोकोचे अतिबारीक कण कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीत, तरंगत असतात. थेंबभर पाणी आलं की ते तेलकट भागात मिसळत नाही, साखरेच्या कणांना जाऊन चिकटतं. कणांवर पाकाचा थर चढतो आणि ते एकमेकांना धरतात. पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा घातल्यावर जे होतं, तेच. पाणी भरपूर असेल तर मात्र साखर पूर्ण विरघळते आणि चिकटायला काही उरत नाही. आता बाजू उलटते: पाणी बाहेर आणि त्यात कोको बटरचे सूक्ष्म थेंब. दुधात स्निग्धांश असतो तसे. थेंब वेगळे ठेवायला चॉकलेटातलं लेसिथिन हे तेल-पाणी जुळवून ठेवणारं द्रव्य (वेष्टनावर ३२२ हा आकडा) आणि कोकोचे कण मदत करतात.

खरी गंमत थंड करताना आहे. कोको बटर गोठू लागलं की प्रत्येक थेंबात स्फटिक तयार होतात आणि त्यांची टोकं थेंबाबाहेर डोकावतात. गुळगुळीत थेंबांचे जणू सराटे होतात. फेटताना ते एकमेकांवर आपटतात, काटे एकमेकांत रुततात, पण थेंब आतून अर्धवट घट्ट असल्यामुळे पुरते मिसळून जात नाहीत. या अडकलेल्या थेंबांची जाळी हवेच्या बुडबुड्यांभोवती बसते आणि बुडबुडा फुटत नाही. ताक घुसळताना लोणी निघतं ते याच क्रियेचं पुढचं टोक. म्हणून फेटणं वेळेवर थांबवावं लागतं. ‘एकाच दिशेने फेटा, नाहीतर फाटेल’ या सल्ल्यात तथ्य नाही. थेंबाला घड्याळाची दिशा कळत नाही.

आता माप. क्रीममध्ये स्निग्धांश आणि पाणी यांचं प्रमाण साधारण एकास दोन असतं. तेच इथे साधायचं. वेष्टनावर १०० ग्रॅममागे स्निग्धांश किती ते वाचा आणि त्याच्या दुप्पट पाणी घ्या. ७० टक्के कोकोच्या चॉकलेटात तो साधारण ४२ ग्रॅम असतो. म्हणजे ५० ग्रॅमच्या तुकड्यात २१ ग्रॅम, म्हणून पाणी ४२ मिलीलीटर. औषधाच्या बाटलीवरच्या मापाच्या टोपणाने हे बरोबर मोजता येतं. वनस्पती चरबीचं ‘कंपाउंड’ नको; त्याचा तोंडात मेणासारखा थर राहतो. दुधाळ चॉकलेटचं मूस सैल पडतं.

चॉकलेट आणि पाणी सुरुवातीपासून एकत्रच स्टीलच्या वाटीत घ्या. ती गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून मंद आचेवर ढवळा. उकळू देऊ नका. ५ मिलीलीटर पाण्याची वाफ झाली तरी जवळजवळ आठवा हिस्सा पाणी गेलं आणि हिशेब मोडला. मिश्रण चकचकीत, एकसारखं झालं की वाटी बर्फात ठेवा. नुसत्या बर्फात नको, बर्फ बुडेल इतकं पाणीही हवं, कारण खड्यांच्या फटींतली हवा उष्णता नीट नेत नाही. मग हाताच्या फेटणीने फेटा. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग दहा-वीस सेकंदांत सगळं घडतं: रंग फिका होतो, फेटणीमागे रेघ टिकते. तिथे थांबा.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि कोको बटर ३४ अंशांच्या आसपासच वितळतं. त्यामुळे बर्फाशिवाय जाळी बसणारच नाही. नुसतं मिश्रण गार करायला थोडाच बर्फ पुरतो, पण गरम स्वयंपाकघरासाठी पूर्ण ट्रे घ्या. वरच्या टाकीचं पाणी तापलेलं असतं, म्हणून बर्फात घालायचं पाणी माठातलं.

याच उन्हामुळे दुकानातल्या चॉकलेटवर पांढुरके डाग दिसतात. ती बहुतेक वेळा बुरशी नसते. चॉकलेट दुपारी मऊ होऊन रात्री पुन्हा घट्ट होताना कोको बटरचे स्फटिक पृष्ठभागावर येतात. तारीख आणि वास ठीक असेल तर या पदार्थाला ते चालतं, कारण सगळे स्फटिक आपण वितळवणारच आहोत.

फसलं तर? घट्टच होत नसेल तर स्निग्धांश कमी आहे. १० ग्रॅम चॉकलेट घालून पुन्हा वितळवा. दाणेदार झालं तर जास्त फेटलं गेलं. वितळवा, गार करा, परत फेटा. शिजलेलं अंडं परत कच्चं होत नाही, पण चरबीचे स्फटिक कितीही वेळा वितळतात. ‘पाण्याचं आहे, म्हणजे कॅलरी नाहीत’ असंही कुणी म्हणेल. ५० ग्रॅम चॉकलेटच्या पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी पाणी घातल्याने कुठेही जात नाहीत.

तळाशी रावेर-यावलकडच्या केळ्याच्या चकत्या घालायच्या असतील तर त्या आधी फ्रीजमध्ये गार करा. मे महिन्याच्या खोलीतलं केळं मूस खालून वितळवतं.