शालेय परसबाग (वडोदरा)

शालेय परसबाग म्हणजे प्राथमिक वर्गांतील मुलांनी शाळेच्या आवारात स्वतः वाफे करून, बी पेरून, खुरपून आणि पाणी घालून राखलेली, विज्ञान, गणित व भाषा यांच्या अभ्यासाला जोडलेली भाजीपाल्याची लहान बाग. माळ्याने सांभाळलेले शोभेचे ताटवे तिच्यात मोडत नाहीत. हा फरक किरकोळ वाटला, तरी या पद्धतीचे सारे शैक्षणिक मोल त्यावरच उभे आहे.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्र वाफा असावा, असा आग्रह धरला. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या नई तालीमने हातकामाला शिक्षणाचे माध्यम मानले. शाळेतील मध्यान्ह भोजनाशी निगडित परसबागांसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या.

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८७९ मध्ये, कमाटीबाग म्हणून ओळखली जाणारी सयाजीबाग उभी राहिली. वडोदऱ्यातील मुलांना झाडांची ओळख बहुधा या बागेच्या सहलीत होते. परंतु तेथे दिसते ते वाढून पूर्ण झालेले झाड, तर वाफ्यात दिसते ती वाढ.

वेलवर्गीय भाज्या या दृष्टीने फार शिकवतात. दोडका किंवा भोपळा यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फुले गळू लागली की वेल बिघडला असे मुलांना वाटते, आणि मग मादी फुलाच्या मागे आधीपासूनच असलेले इवले फळ दाखवले की परागीभवन ही पुस्तकातली व्याख्या राहत नाही. गणिताचेही तसेच: ३ मीटर लांबीच्या सरीत ३० सेंटिमीटर अंतराने रोपे लावायची, तर भागाकार १० येतो, पण दोन्ही टोकांना रोप लावल्यास प्रत्यक्षात ११ रोपे लागतात, आणि हे अकरावे रोप कुठून आले, याचा शोध मुले सरीपाशी उभी राहून घेतात. मराठी घरांतील मुलांसाठी वाफ्यावरची पाटी हा भाषेचाही पाठ ठरतो, कारण घरचे दोडका, घोसाळे आणि वांगे येथील भाजीबाजारात तुरियां, गलकां आणि रिंगण होतात.

लागवडीचे वेळापत्रक येथील हवामान आणि शाळेच्या सुट्ट्या पाहून बसवावे लागते. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हाच पावसाळा तोंडावर असतो, म्हणून भेंडी, गवार, चवळी आणि वेल यांपासून आरंभ करणे सोयीचे. काळ्या जमिनीत मुसळधार पावसानंतर पाणी साचून मुळे कुजतात. त्यामुळे वाफे जमिनीपासून वीतभर उंच ठेवून बाजूने चर काढतात. दिवाळीची सुट्टी सुमारे तीन आठवड्यांची असल्याने त्या काळात पाणी कोण घालणार, हे आधीच ठरवावे लागते. ते ठरले नाही, तर मुले परत येतात ती वाळलेल्या वाफ्यांकडे. सुट्टीनंतर मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर पेरतात. मेथीचे कोंब आठवड्याच्या आत वर येतात आणि जुडी महिन्याभरात हाती लागते, म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांच्या धीराला तीच मानवते. कोंब न फुटलेले बी उकरून पाहणे, ते किती खोल गेले होते, कुजले की किडले, हे वहीत टिपणे हाही पाठाचाच भाग मानावा. वाफा हिरवा दिसावा म्हणून शिक्षकाने तेथे गुपचूप बाहेरचे रोप लावू नये.

एप्रिलपासून तापमान ४० अंशांच्या वर जाऊ लागते आणि बाग आवरती घ्यावी लागते. तत्पूर्वी भेंडीची काही बोंडे आणि एखादा दोडका झाडावरच वाळू देतात, बी काढून, सावलीत सुकवून, राखेत घोळून कोरड्या बरणीत ठेवतात, आणि बरणीवर वर्गाचे नाव व तारीख लिहितात. जूनमध्ये ती बरणी त्या वर्गात नव्याने आलेली मुले उघडतात.