मुहासबा कुठे संपतो आणि वसवसा कुठे सुरू होतो

वजू, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं. ती करताना हात तीनदा धुवायचे असतात. एखादा माणूस मशिदीच्या नळावर तेच हात सहा-सात वेळा धुतो, उठतो, चार पावलं जातो आणि टाच कोरडी राहिली असेल या शंकेने परत येऊन बसतो. तोवर जमातची, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढायची नमाज अर्धी होऊन गेलेली असते. बघणारे म्हणतात, 'केवढा परहेजगार, पापभीरू माणूस!' घरच्यांनाही कौतुक. माझ्या मते इथेच घोटाळा होतो. इस्लामी परंपरेत याला तकवा, म्हणजे अल्लाहचं भय म्हणत नाहीत, वसवसा, म्हणजे पाठ न सोडणारी शंका म्हणतात, आणि आलिमांनी, धर्माच्या जाणकारांनी, त्यावर जे लिहिलंय त्यात कौतुक नाही, इलाज आहे.

घोटाळा व्हायला कारणही आहे. रोज स्वतःची झडती घेणं हे याच परंपरेत मोठं काम मानलं जातं. त्याला मुहासबा म्हणतात. 'तुमचा हिशेब घेतला जाण्याआधी तुम्हीच स्वतःचा हिशेब घ्या,' हे वचन दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या नावाने सांगितलं जातं. इमाम गझाली (1058–1111) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात यावर एक अख्खा भाग खर्ची घातला. त्यांनी दाखला दिला तो बाजारातला. व्यापारी भागीदाराच्या हाती भांडवल देताना आधी अटी घालतो, दिवसभर नजर ठेवतो, संध्याकाळी हिशेब मागतो आणि तूट आली तर वसूल करतो. इथे भांडवल म्हणजे आयुष्य आणि भागीदार म्हणजे आपलाच नफ्स, आपलं मन. सकाळी अट, रात्री हिशेब.

हे रोजच्या जगण्यात कसं दिसतं? इशा, म्हणजे रात्रीची नमाज झाल्यावर पाच-दहा मिनिटं बसायचं. दुपारी भावाला फोनवर तोडून बोललो. दुकानात बसून तिसऱ्याची गीबत (पाठीमागे निंदा) केली, म्हणजे ऐकत राहिलो आणि हसलोही. किराणावाल्याचे चारशे रुपये मागच्या महिन्यापासून राहिलेत. असरची, दुपारनंतरची नमाज आळसाने उशिरा पढली. नमाजेबद्दल अल्लाहकडे तौबा, म्हणजे पश्चात्ताप करून माफी. ती पुरी व्हायला चूक थांबवणं, पस्तावणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो. माणसाचा हक्क बुडाला असेल तर चौथी अट येते, तो हक्क परत करणं. तेव्हा चारशे रुपये उद्या सकाळी, भावाला फोन आत्ताच. वही मिटली, झोपायचं.

माणसांचे हक्क, हुकूकुल इबाद, हे या हिशेबातलं सगळ्यात जड कलम आहे. 'सहीह मुस्लिम' या संग्रहातली एक हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांबद्दलची नोंद, बऱ्याच जणांनी जुम्याच्या बयानात ऐकली असेल. पैगंबरसाहेबांनी विचारलं, दिवाळखोर कोण? लोक म्हणाले, ज्याच्याकडे पैसा-सामान नाही तो. ते म्हणाले, माझ्या उम्मतीतला, माझ्या अनुयायांतला दिवाळखोर तो, जो कयामतीला नमाज, रोजे, जकात घेऊन येईल. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, आणि त्याच्या नेक्या त्या लोकांत वाटल्या जातील.

वसवशाच्या वहीत ही माणसं जवळजवळ नसतातच. तिथे असतं फक्त 'माझी वजू झाली का, माझी नियत (नमाजेचा मनातला संकल्प) लागली का, माझ्या कपड्यावर शिंतोडा उडाला का'. एकच नोंद शंभरदा तपासली जाते आणि बेरीज कधीच होत नाही. वर त्याचा भार घरावर. बायको धुतलेल्या चादरी परत धुते, टाकी रिकामी होते, मुलं बाथरूमच्या दाराशी ताटकळतात. म्हणजे हक्क चुकवण्याच्या भीतीपायी घरच्यांचेच हक्क बुडतात.

शरियत या बाबतीत आश्चर्य वाटावं इतकी मोकळी आहे. नमाजेत पोटात गुरगुरलं, वजू तुटली की काय असं वाटलं, तर आवाज आल्याशिवाय किंवा वास आल्याशिवाय नमाज सोडू नका, अशी हदीस आहे. तीन रकात (नमाजेची आवर्तनं) झाल्या की चार, असा घोळ झाला तर शंका बाजूला टाकायची, खात्रीच्या तीन धरायच्या, उरलेली रकात पढून शेवटी भुलीचे दोन सजदे करायचे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, असं ती हदीस सांगत नाही. पैगंबरसाहेब एक मुद, या मापाच्या पाण्यात वजू करत. आजच्या मापाने लिटरभर, किंवा त्याहूनही कमी पाणी. पाणी पाक आहे का, याबाबतही तसंच. हनफी या फिक्‌हच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या परंपरेच्या मताने दहा हात लांब, दहा हात रुंद हौदात घाण पडली तरी रंग, वास, चव बदलल्याशिवाय पाणी नापाक होत नाही. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई या दुसऱ्या परंपरेचे. त्यांच्याकडे 'कुल्लतैन', म्हणजे दोन मोठ्या रांजणांएवढ्या, सुमारे दोनशे लिटर पाण्याला हाच नियम. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुमा मशिदीत जुना तलाव आहे, त्यात मासे फिरतात आणि लोक त्याच पाण्याने वजू करून वर नमाजेला जातात.

बगदादचे हंबली परंपरेचे आलिम इब्न अकील (1040–1119) यांच्याकडे एकजण आला. म्हणाला, मी पाण्यात कितीदा बुडी मारतो, तरी गुसल, म्हणजे शुद्धीची आंघोळ झाली की नाही शंका राहते. ते म्हणाले, जा, तुला नमाज माफ. का? तर वेड्यावर नमाज फर्ज, म्हणजे बंधनकारक नसते, आणि पाण्यात बुडून जो भिजलो का विचारतो त्याला दुसरं काय म्हणायचं! किस्सा मजेदार आहे, पण खऱ्या दुखणाइताला असं तोंडावर बोलू नये.

या सगळ्यामागे फिक्‌हचा एक कायदा आहे: यकीन, म्हणजे खात्री, शंकेने जात नाही. लोक तो अर्धाच वापरतात, म्हणून थोडं थांबतो. वजू केल्याचं पक्कं आठवतंय, तुटल्याची शंका आहे, तर वजू आहे. उलट, तुटल्याचं पक्कं आठवतंय आणि नंतर केली की नाही शंका आहे, तर करावी लागेल. किराणावाल्याचे चारशे घेतल्याचं यकीन आहे आणि 'बहुतेक दिले असावेत' ही शंका आहे, तर ते देणं अंगावर आहेच. तेव्हा मनाला टोचलं की 'वसवसा असेल, सोड' म्हणणारेही तितकेच चुकतात. टोचणी कशाची आहे ते बघायचं, घडलेल्या गोष्टीची की घडली असेल अशा भीतीची.

गझालींच्याच ग्रंथात रक्का शहरातल्या एका बुजुर्गांची गोष्ट येते. साठ वर्षांचे दिवस मोजले तर 21,500 भरले. रोज एक गुन्हा धरला तरी एवढे, या विचाराने ते कोसळले आणि तिथेच गेले. निगरगट्ट माणसाला हलवायला गोष्ट चांगली आहे. आधीच शंकेने पोखरलेल्याला ती सांगणं म्हणजे जुलूम.

कारण कधीकधी हा वसवसा आजार असतो. बल्खजवळ जन्मलेले अबू जैद अल-बल्खी (मृत्यू 934) यांनी शरीर आणि मनाच्या आरोग्यावरच्या ग्रंथात वसवशावर वेगळं प्रकरण लिहिलं. 2015 मध्ये मनोविकारांवरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात संशोधकांनी दाखवलं की त्यातलं वर्णन आजच्या ओसीडीशी, म्हणजे मंत्रचळाशी बरंच जुळतं. ओसीडीच्या उपचारात औषधं असतात, आणि शंका आली तरी पुन्हा न धुता थांबण्याचा सरावही. मौलाना 'शंकेकडे लक्ष देऊ नका' म्हणतात तेव्हा सांगणं वेगळं नसतं, पण आजार बळावला असेल तर नुसत्या सांगण्याने भागत नाही, मनोविकारतज्ज्ञ लागतो. अशा माणसाला मी तरी रोज रात्री मुहासबा कर म्हणणार नाही. बरं वाटेपर्यंत हिशेबात दोनच कलमं ठेवावीत: कुणाचे पैसे द्यायचेत आणि कुणाशी वाईट बोललो. तीनदा धुतलं की वजू झाली, आणि ती बरोबर झाली की नाही हे घरच्यांनीही त्याला पुन्हा पुन्हा सांगत बसू नये.