गिअर हातातच का राहिला: मराठवाड्यातल्या पसंतीची पार्श्वभूमी

२०१४ साली पाच महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. जानेवारीत मारुती ८०० चे उत्पादन थांबले. फेब्रुवारीत क्लचचे पेडल नसलेली सेलेरिओ आली आणि एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी पेटी, हा शब्द लहान गाडीच्या किमतीत ऐकू येऊ लागला. मे महिन्यात अॅम्बॅसेडरही बंद झाली. गिअरच्या गाडीचे दिवस भरले, असा सूर तेव्हा निघाला. जालना, परभणी, हिंगोलीकडे तो अजून खरा ठरलेला नाही. ‘गाडी येते का?’ या प्रश्नाचा अर्थ इथे आजही ‘क्लच सोडता येतो का?’ असाच घेतला जातो.

निजामाच्या राज्यात १९३२ साली २७ बसगाड्यांवर सरकारी प्रवासी वाहतूक सुरू झाली. गिअरच्या दात्यांचा वेग आपोआप जुळवणारा सिंक्रोमेश अमेरिकेत १९२८ सालीच मोटारीत आला होता, पण जड गाड्यांना तो पुढे कितीतरी वर्षे मिळाला नाही. खालचा गिअर टाकायला डबल क्लच मारावा लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर. रेस कमी पडली की दात खरखरत. दाते सरकवून जुळवावे लागणाऱ्या (स्लायडिंग मेश) गिअरपेटीचा जुना ट्रॅक्टर तर उभा करूनच गिअर बदलायचा. खेड्यातल्या पोराचा हात स्टीअरिंगवर पहिल्यांदा बसतो तो बहुतेकदा ट्रॅक्टरच्या, त्यामुळे क्लचची ओळख मोटारीआधी शेतात होते. मग काळीपिवळी जीप आणि सगळ्यात शेवटी कार. या क्रमाने आलेल्या माणसाला गिअरचे ओझे वाटत नाही.

अॅम्बॅसेडर आणि प्रीमिअर पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असे. पुढच्या सलग सीटवर त्यामुळे तिघे बसत. दांड्यापासून पेटीपर्यंत सळ्या आणि बुश होते. बुश झिजले की गिअर दोन खाचांच्या मध्ये अडके आणि बॉनेट उघडून सळ्या हाताने सरळ कराव्या लागत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती जमिनीवरचा गिअर, तारेचा हलका क्लच आणि ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन घेऊन. क्लचची तार वाटेत तुटली तरी गाडी घरी यायची. पहिला गिअर टाकून सेल्फ मारायचा, गाडी धक्का घेऊन चालू पडते. वेग आला की रेस सोडून दांडा न्यूट्रलला आणायचा, इंजिन मंदावू द्यायचे आणि हलक्या हाताने दुसरा दाबत राहायचे. वेग जुळला की तो बसतो. सिग्नलला मात्र गाडी बंदच करावी लागते.

आता परवान्याचा गुंता. मोटार वाहन कायदा १९८८ चा, अमलात आला १ जुलै १९८९ पासून. त्याच्या दहाव्या कलमात मोटारसायकलचे दोन वर्ग आहेत, विनागिअर आणि गिअरची. विनागिअरचा परवाना असणाऱ्याला गिअरची दुचाकी चालवता येत नाही. चारचाकीसाठी मात्र हलके मोटार वाहन हा एकच वर्ग, आणि त्यात गिअरचा उल्लेखच नाही. परवान्यावरची ‘एमसीडब्ल्यूओजी’ ही अक्षरे ऑटोमॅटिक कारची आहेत असे अनेकांना वाटते. ती फक्त दुचाकीची आहेत. कायदा झाला तेव्हा रस्त्यावर ऑटोमॅटिक कार औषधालाही सापडत नव्हती, हे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण पुढच्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांत, पंधराव्या नियमात, परीक्षेत काय पाहायचे ते नेमके लिहिले आहे: एकेक गिअर टाकत टॉपपर्यंत जाणे, गरज पडताच टॉपवरून खाली येणे, उतारावर चटकन खालचा गिअर टाकणे, चढावर थांबवलेली गाडी मागे न सरकता पुन्हा उचलणे. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर यातले अर्धेअधिक तपासलेच जात नाही, परवाना मात्र तोच मिळतो.

हलक्या वाहनाच्या व्याख्येत रिकामे वजन ७,५०० किलोपर्यंतचा ट्रॅक्टरही बसतो. म्हणजे क्लच कधीही न दाबलेल्या माणसाला कागदोपत्री ट्रॅक्टर चालवता येतो. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो. जपानने असा वेगळा परवाना १९९१ साली आणला. आपल्याकडे दुचाकीला लावलेले तर्कशास्त्र चारचाकीला लावलेले नाही, आणि ऑटोमॅटिक गाड्या वाढल्यावर ही ढिलाई जास्तच खटकते.

घाटात ती जाणवते. कन्नडचा घाट असो, बीडजवळचा पालीचा किंवा येडशीचा, जुने चालक सांगतात तो नियम एकच: ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा. दुसऱ्या-तिसऱ्यावर इंजिनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेकवर पाय अधूनमधूनच जातो. न्यूट्रलवर किंवा टॉपवर उतरले की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ होते आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. एएमटीतही गिअर हाताने खाली आणायची सोय असते. पण ‘डी’वरच, म्हणजे गिअर आपोआप बदलत ठेवूनच, शिकलेल्याला ती आठवायला हवी.

२००७ नंतर इथल्या रस्त्यांवर दिसू लागलेल्या १.३ लिटर डिझेल स्विफ्टने गिअर कधी बदलायचा ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखणारा कान आणखी तयार केला. मिनिटाला २,००० फेऱ्यांखाली तिचे इंजिन दम धरत नसे. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे टाकायचे तर आधीच खालचा गिअर टाकून टर्बो जागा करावा लागे. ओव्हरटेक करताना अर्ध्यात गिअर बदलायची वेळ आली, तर हिशेब आधीच चुकलेला असतो. काळ्या मातीच्या चिखलात उलटे: पहिल्यावर रेस दिली की चाक जागीच खड्डा करते. दुसऱ्यावर, कमी रेस देत, क्लच हळू सोडून गाडी काढायची.

या सगळ्याची किंमत क्लच मोजतो. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय प्लेट जाळते. तपासायची रीत सोपी आहे. हँडब्रेक पूर्ण ओढा, चौथा गिअर टाका, थोडी रेस देत क्लच सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक, चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. एकदाच करा, पुन्हापुन्हा नाही. पेटी उतरवलीच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावे, कारण मजुरी तीच लागते. रिव्हर्स खरखरत असेल तर तो बहुतेकदा दोष नसतो. कित्येक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबले की तो नीट पडतो.

‘ऑटोमॅटिक’ हा शब्दही सगळीकडे सारखा नाही. एएमटीत गिअरपेटी हाताने गिअर बदलायच्या गाडीचीच, एकच कोरडी प्लेट असलेला क्लचही तोच असतो. फक्त पायाचे आणि हाताचे काम अॅक्च्युएटर नावाचे यंत्र करते. म्हणून गिअर बदलताना गाडी मान हलवते, आणि चढावर अॅक्सिलरेटरने धरून ठेवली तर क्लच जळतोच. ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या प्रकारांपैकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये क्लचच्या जागी तेल असते, सीव्हीटीत गिअरच्या जागी पट्टा असतो. २०२० साली आयएमटी आली: पेडल नाही, पण गिअर हाताने बदलायचा. तिला मॅन्युअल म्हणायचे की नाही यावर अजून एकमत नाही. दांडा हातात आहे तोवर तिला मॅन्युअल म्हणणेच बरोबर.

एएमटीला साधारण ५० हजार जास्त मोजावे लागतात. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष लागू झाले, लहान डिझेल गाड्या गेल्या आणि त्यांचे गिऱ्हाईक सीएनजीकडे वळले. कंपनीतून सीएनजी बसवून येणाऱ्या गाडीला एएमटी मिळायला २०२४ उजाडले. तोवर कमी खर्चात चालणारी गाडी म्हणजे गिअरचीच गाडी, असे गणित होते.

इलेक्ट्रिक कारमध्ये बदलायला गिअरच नाही. उतारावर मोटार उलटी वीज तयार करून गाडी धरते, ते इंजिनाच्या ब्रेकसारखेच काम. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते आणि ही पकड कमी होते. घाटाच्या माथ्यावर राहणाऱ्यांनी गाडी १०० टक्के चार्ज करून उतरणीला लावू नये.