हुकूम मोडणारा वाटाड्या

अंध माणसाबरोबर चाललेला कुत्रा चौकात थांबला की बघणाऱ्याला वाटते, तो सिग्नल हिरवा होण्याची वाट पाहतोय. तसे नसते. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यांत दोनच; त्यामुळे लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. रस्ता कधी ओलांडायचा हे माणूस ठरवतो, तेही कानांनी. आडवी जाणारी वाहने थांबली आणि आपल्या दिशेची सुटली, की तो ‘फॉरवर्ड’ म्हणतो.

कुठे जायचे, कितव्या वळणावर वळायचे, हेही माणसाच्याच डोक्यात असते. म्हणून बहुतेक प्रशिक्षण संस्था कुत्रा देण्याआधी पाहतात, की या व्यक्तीला पांढरी काठी घेऊन एकट्याने फिरता येते का. कुत्रा सांभाळतो तो पुढच्या चार पावलांचा रस्ता: खड्डा, खांब, आडवी लावलेली सायकल, पदपथाची कड. काठी अडथळ्याला लागते तेव्हा तो कळतो. कुत्रा आधीच वळसा घालतो, त्यामुळे चाल वेगवान होते. मात्र काठीला लागणारा खांब हीच अनेकदा ओळखीची खूण असते, आणि ती खूण इथे हाती लागत नाही. आपल्या शहरांत तर पदपथ मध्येच संपतो, मोकाट कुत्री अंगावर येतात. तिथे हे काम कितीतरी अवघड होते.

कुत्रा बहुधा माणसाच्या डावीकडे, किंचित पुढे चालतो. त्याच्या पाठीवरच्या हार्नेसला एक ताठ दांडा असतो. कुत्र्याचा खांदा जरासा वळला, गती मंदावली, की दांडा धरलेल्या हाताला ते लगेच कळते. नुसत्या मऊ पट्ट्यातून एवढे कळले नसते.

डोक्याच्या उंचीवर लोंबणारी फांदी टाळायला शिकवणे मोठे कठीण. कुत्रा तिच्याखालून आरामात जातो, मग तिला अडथळा का मानावे? प्रशिक्षक तिथे थांबतो, फांदीवर हात मारून आवाज करतो, मागे येऊन कुत्र्याला पुन्हा संधी देतो. त्याने वळसा घातला की शाबासकी आणि खाऊ. असे पुनःपुन्हा करत, शेजारच्या माणसाची उंची-रुंदी धरून जागा जोखायला तो शिकतो. या सगळ्या विद्येत मला हीच गोष्ट सर्वांत थोर वाटते.

आणि मग येतो आज्ञाभंग. माणसाने ‘फॉरवर्ड’ म्हटले, पण गाडी येते आहे किंवा पुढे खोल खड्डा आहे, तर कुत्र्याने हलायचेच नाही. सरावात प्रशिक्षकाचा सहकारी मुद्दाम गाडी आडवी घालतो. थांबणे किंवा मागे सरणे हेच बरोबर, हे कुत्र्याच्या अंगवळणी पडते. विजेवर हळू चालणारी गाडी कानाला जवळजवळ कळतच नाही, तेव्हा हा नकार जीव वाचवतो. युरोपीय संघात 2021पासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीला कमी वेगात आवाज करणारी यंत्रणा सक्तीची आहे.

या कामाची पहिली शाळा 1916 साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला गेरहार्ड श्टालिंग या डॉक्टरांनी काढली, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी. पुढे पॉट्सडॅमलाही शाळा निघाली. ती पाहून स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी 1927मध्ये एक लेख लिहिला. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो वडिलांनी वाचून दाखवला. त्याने युस्टिसना पत्र लिहिले, स्वित्झर्लंडला गेला, आणि 1928च्या जूनमध्ये बडी नावाची जर्मन शेफर्ड मादी घेऊन न्यूयॉर्कला उतरला. वार्ताहरांच्या देखत दोघांनी रहदारीने भरलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली.

रस्ता ओलांडता आला, तरी रेल्वेचा डबा आणि उपाहारगृहाचे दार बडीला बंदच होते. ती दारे उघडावीत म्हणून फ्रँक पुढची अनेक वर्षे राज्याराज्यांत फिरत राहिला.