नमुना कधीचा आणि कुठला?

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागात जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की ओहोळांचं पाणी विटकरी होतं. लोहखनिज काढताना वरची माती खाणीशेजारी डोंगरासारखी रचलेली असते, तिला तिथे ‘डंप’ म्हणतात. ती धुऊन शेतात आणि नदीत उतरते. याच पट्ट्यातून वाहणाऱ्या खांडेपार नदीवर ओपाचं जलशुद्धीकरण केंद्र आहे, आणि फोंडा, तिसवाडीतल्या नळांना तिथूनच पाणी येतं. म्हणून खाणीजवळच्या पाण्याचा अहवाल हातात आला की मी आकडे नंतर वाचतो. आधी बघतो, नमुना कोणत्या दिवशी आणि कुठून घेतला.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जानेवारीत भरलेली बाटली नितळच असणार. डंपवरची माती खरी सुटते ती पहिल्या जोरदार सरींत, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी भिजत ओहोळाकाठी उभं राहायला हवं. शिवाय एक बाटली पुरत नाही. खाणीच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक अशा दोन भरल्या, तरच मधल्या फरकावरून खाणीचा वाटा कळतो.

गाळ अडवायला खाणीत तळी खोदतात. पण सगळा गाळ सारखा बसत नाही. 50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण संथ पाण्यात एक मीटर खाली जायला सात-आठ मिनिटं घेतो. 2 मायक्रॉनचा चिकणमातीचा कण तेवढ्याच अंतराला जवळजवळ तीन दिवस घेतो! मुसळधार पावसात तळ्यातलं पाणी तीन दिवस थांबत नाही, त्यामुळे सगळ्यात बारीक लाल माती नदीत जातेच. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात अशा न बसलेल्या, तरंगत्या कणांची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 100 मिलिग्रॅम आहे.

लोहाची गोष्ट आणखी नाजूक. खोल खाणीत भूजल पाझरतं आणि ते सतत उपसावं लागतं. त्यात प्राणवायू कमी असला तर लोह विरघळलेलं राहतं आणि पाणी स्वच्छ दिसतं. तेच बाटलीत भरून ठेवलं तर हवा लागून काही वेळात पिवळसर होतं, तळाशी गंज बसतो. ते पाणी तसंच प्रयोगशाळेत पोचलं आणि वरचंच तपासलं, तर लोह कमी भरतं. म्हणून धातूंच्या नमुन्यात जागेवरच नायट्रिक आम्ल घालतात, आणि विरघळलेलं लोह वेगळं मोजायचं असेल तर त्याआधी गाळूनही घेतात. सामू (म्हणजे pH, पाणी किती आम्ल ते), तापमान, प्राणवायू हे मात्र काठावरच मोजायचे. या गोष्टी प्रवासात टिकत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. त्यानंतर खाणी थांबल्या, उपसा बंद पडलेले खड्डे पाण्याने भरले. काठावरून त्यांचं पाणी निळंहिरवं, सुंदर दिसतं. पण खोल खड्ड्यात उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नाही. तळाशी प्राणवायू संपला की गाळातलं मँगनीज आणि लोह पुन्हा विरघळू लागतं. अशा खड्ड्याचं पाणी शेतीला किंवा नदीत सोडायचं ठरलं, तर होडीतून जाऊन बंद होणारी नळी दोरीने खाली सोडावी लागते, आणि दर काही मीटरवर वेगळा नमुना घ्यावा लागतो.